खाडीकाठच्या कोल्ह्यांचा माग काढा : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गणेश नाईक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चेंबूर-ट्रॉम्बेकडच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला, थोडे दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. पण साहेब तुम्ही नवी मुंबईचे, तुम्हाला काय सांगायचं, कांदळवन काय ट्रॉम्बेला संपतं का, विक्रोळी भांडुप ऐरोली वाशी खारघर सगळीकडे आहे आणि कोल्हेही आहेत. त्यातला कोणता रात्री कुठवर जातो, कचऱ्यावर कुत्र्यांशी त्याची गाठ नेमकी कुठे पडते हे माहीत नसेल तर लस टोचायची कुठे?

अमेरिकेत ॲरिझोनाच्या फ्लॅगस्टाफ शहरात २००१ मध्ये स्कंकना रेबीज झाला, स्कंक म्हणजे तो काळापांढरा, घाण वास सोडणारा प्राणी. १९ स्कंक पॉझिटिव्ह आले आणि व्हायरस तपासला तर तो निघाला वटवाघळांचा! म्हणजे नुसत्या अंदाजाने कामाला लागले असते तर भलतीकडेच शोधत बसले असते. मग तिथे स्कंक पिंजऱ्यात पकडून, लस टोचून परत सोडले, कारण रॅकून नावाच्या तिथल्या दुसऱ्या जंगली प्राण्याला चालणारं लसीचं आमिष, म्हणजे खाण्यात लपवून दिलेली लस, स्कंकवर नीट काम करत नाही. प्राणी बदलला की उपायही बदलतो, म्हणून आधी अभ्यास लागतो.

आपल्याकडे राज्य सरकारच्या मँग्रोव्ह फाउंडेशनने आणि डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीव संस्थेने मुंबईतल्या कोल्ह्यांचा अभ्यास हाती घेतलाय, फार चांगलं काम आहे. माझी विनंती एवढीच की त्यात मुख्य भर रेबीजवर द्या. खाडीच्या दोन्ही काठांवर पुरेशा कोल्ह्यांना जीपीएस कॉलर लावा, मेलेल्या प्रत्येक कोल्ह्याच्या मेंदूचा नमुना तपासायला पाठवा आणि व्हायरस कुत्र्यांचाच आहे का तेही बघा. जिथे कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाटा एकत्र येतात तिथल्या कुत्र्यांना महापालिकांनी सगळ्यात आधी लस द्यावी.

आणि प्लीज, सोसायटीत कोल्हा दिसला म्हणून घाबरून कोणी 'उचलून लांब सोडा' म्हणालं तर ऐकू नका. रेबीज अंगात आठवडेच काय, महिनोन्महिने लक्षणाशिवाय राहू शकतो, असा कोल्हा दुसरीकडे सोडला तर आजारही तिकडे पोचणार. मारणं तर नकोच, वन्यजीव कायद्याने तो शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवे कोल्हे येतातच.

तपासणीचे रिपोर्ट लोकांसाठी खुले ठेवा साहेब, म्हणजे कांदळवनाला लागून राहणाऱ्या आम्हाला आणि खाडीत जाणाऱ्या कोळी बांधवांना कुठे जास्त सांभाळायचं ते वेळेत कळेल.

आपला,
खाडीकाठचा एक रहिवासी