स्क्रीनची लांबी-रुंदी मोजता, मग उजेड कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरासमोरच्या चौकात जाहिरातींची मोठी एलईडी स्क्रीन लागली त्याला आता वर्ष होत आलं. रात्री एक वाजता आमच्या बेडरूमची भिंत आधी निळी होते, मग लाल, मग एकदम पांढरीफटक, आणि आई डोक्यावरून पांघरूण ओढून कूस बदलत राहते. जाड पडदे लावून झाले, कडेने उजेड येतोच. तक्रार केली तर उत्तर मिळालं की रीतसर परवानगी आहे, कागदपत्रं पूर्ण आहेत. असतीलही पूर्ण, पण मी ती परवानगी बघितली, त्यात लांबी, रुंदी, उंची, लोखंडी सांगाडा सगळं आहे, फक्त उजेड किती असावा आणि मेसेज किती सेकंदांनी बदलावा याबद्दल एक ओळ नाही. ती ओळ नियमात यायलाच हवी, त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

साधा फ्लेक्स एकदा बघितला की संपला. बदलणारी स्क्रीन मात्र दर वेळी नव्याने नजर ओढते, आणि गाडी चालवताना हे फार महागात पडतं. साधा हिशोब आहे, गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते, स्क्रीन 300 मीटरवरून दिसायला लागली तर तिच्यापर्यंत पोचायला 18 सेकंद लागतात, आणि मेसेज दर 6 सेकंदांनी बदलत असेल तर तेवढ्यात त्या माणसासमोरून तीन जाहिराती जातात. त्यात काही जण आधी प्रश्न टाकतात, "ओळखा पाहू काय येतंय?", आणि उत्तर पुढच्या चित्रात. अर्धवट राहिलेली गोष्ट बघून संपवावीशी वाटते हा माणसाचा स्वभावच आहे, त्यामुळे नजर तिथेच अडकते. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये 100 गाड्यांत कॅमेरे बसवून अभ्यास झाला होता, त्याच्या 2006 च्या विश्लेषणात रस्त्यावरून 2 सेकंदांपेक्षा जास्त नजर हटली की अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो असं दिसलं. 2 सेकंद म्हणजे 33 मीटर गाडी न बघता चालवणं!

अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग खात्याने 2007 मध्ये अशा बोर्डांसाठी एक मेसेज 8 सेकंद स्थिर असावा आणि बदल 1 ते 2 सेकंदांत व्हावा अशी शिफारस केली होती. माझ्या मते 8 सुद्धा कमीच आहेत, वरच्याच हिशोबाने बघा, त्या 18 सेकंदांत दोनदा बदल होतो. रस्त्याचा वेग आणि स्क्रीन किती लांबून दिसते हे धरून आकडा ठरवावा, एका ड्रायव्हरला जास्तीत जास्त एकच बदल दिसेल असा.

आणि हे फक्त जाहिरातवाल्यांना नको, सरकारी मेसेज बोर्डांनाही लावा. टेक्सासमध्ये हायवेवरच्या बोर्डांवर दर महिन्यातला एक आठवडा वर्षभरातल्या अपघाती मृत्यूंचा आकडा दाखवायचे, हेतू चांगलाच होता, लोकांनी सांभाळून चालवावं. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यावर संशोधन आलं तर बोर्डाच्या पुढच्या 10 किलोमीटरमध्ये अपघात 4.5 टक्क्यांनी वाढलेले निघाले. म्हणजे चांगला मेसेज असला तरी लक्ष विचलित होतंच.

काही लोक म्हणतात नियम केले की बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते. ही भीती मला पटते, कारण बोर्डावर काय लिहायचं हे पालिका ठरवायला लागली तर आपल्या विरोधातलं आधी उतरवेल. 2015 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गिल्बर्ट नावाच्या गावाचा बोर्डांचा नियम याच कारणासाठी रद्द केला, तिथे राजकीय बोर्डाला मोठा आकार चालायचा आणि चर्चच्या प्रार्थनेची जागा सांगणाऱ्या बोर्डाला छोटाच. पण त्याच निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी निकालाशी सहमत होत स्वतःचं वेगळं मत लिहून सांगितलं की स्थिर मेसेजचे बोर्ड आणि बदलत्या मेसेजचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड यात फरक करणारे नियम चालतील. बरोबरच आहे, मजकूर कुणाचाही असो, पक्षाचा, देवळाचा, दुकानाचा, सेकंद आणि उजेड सगळ्यांना सारखाच असावा.

आता उजेडाचं. उन्हात दिसावी म्हणून स्क्रीन दिवसा प्रचंड प्रखर लागते, पण अंधार पडल्यावर तीच पातळी ठेवली तर डोळे दिपतात. त्यासाठी सेन्सर असतो, तो आपोआप उजेड कमी करतो, पण तो धुळीने भरला किंवा बंदच करून ठेवला तर कोण बघतं? मोजणं अवघड नाहीये. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांच्या नियमात पद्धत दिलेली असते, 400 चौरस फुटांची स्क्रीन असेल तर 200 फुटांवर उभं राहायचं, लक्स मीटरने (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एकदा स्क्रीन चालू असताना आणि एकदा बंद असताना मोजायचं, फरक साधारण 3 लक्सच्या वर जाता कामा नये. बास एवढंच. मध्येच पॅनल बिघडून स्क्रीन लुकलुकायला लागली तर ती आपोआप काळी झाली पाहिजे हेही त्यातच लिहावं, आमच्याकडे तीन रात्री सलग लुकलुकत होती आणि फोन उचलायला कुणी नव्हतं, म्हणून बोर्डाच्या खांबावर 24 तास चालणारा नंबर सुद्धा हवा.

परवानगी देणारे अधिकारी दिवसा ऑफिसच्या वेळेत येऊन फोटो काढून जातात, उन्हात स्क्रीन फिकीच दिसणार. एकदा रात्री अकरानंतर मीटर घेऊन या. आमच्या गॅलरीतून मोजायचं असेल तर कितीही वाजता दार उघडू, आई तशीही जागीच असते.

आपला नियमित वाचक