तळहातावर वेळ लिहिणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सरकारी दवाखान्यात कौतुक झालं तरी मागे चौकशी लागते म्हणतात. जानेवारीतल्या थंडीत रात्री दोघांनी उचलून आणलेला पोरगा आठवतो का? गुडघे पोटाशी घेतलेले, डोळे हळदीसारखे पिवळे. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही आलेला रक्ताचा आजार. मी त्याची मोठी बहीण.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात चार तास बाकड्यावर होतो. कार्ड उलटसुलट बघून एक साहेब म्हणाले, "तुमच्यात हे असतंच." दुसरे म्हणाले, "इंजेक्शनची सवय लागलीय याला, नाटकं करतो." आणि पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या. 'तुमच्यात' म्हणजे कोणात, ते आम्हाला कळलं. आडनाव कार्डावरच होतं.

रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही. त्या कळेला ते नाटक म्हणाले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचं नाव आहे. पण हात-पाय धड दिसणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराचं दुखणं मानायला कायदा पुरत नाही.

तुम्ही विचारलंत, "किती दुखते रे? शून्य ते दहात सांग."

तो म्हणाला, "सात."

तुम्ही त्याच्या पायांकडे पाहिलंत. बोटं आकडलेली होती. "खरं सांग, मी लिहून घेणार आहे."

तेव्हा तो पहिल्यांदा रडला. "दहा म्हटलं तर नाटक म्हणतात जी."

डॉक्टर आले, सलाईन लागलं, मॉर्फिन दिलं. त्यांचेही आभार आहेतच. पण माझ्या डोळ्यांपुढे आहे तो तुमचा डावा तळहात. बॉलपेनने तुम्ही त्यावर २.४० लिहिलंत आणि म्हणालात, "अर्ध्या तासाने परत विचारते." खरं सांगू? माझा विश्वास बसला नव्हता. 'आलोच' म्हणून गेलेली किती माणसं आम्ही बघितली आहेत!

३.१० ला तुम्ही हजर. "आता किती?" "सहा." पुन्हा पेन. ३.४० ला "चार." तळहात एसटीच्या वेळापत्रकासारखा झाला होता. तो झोपला तरी तुम्ही छातीकडे बघत त्याचे श्वास मोजलेत. वॉर्डात तीसेक पेशंट, तुम्ही एकट्या. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही त्याच फेरीत पाणी पाजलंत.

नंतर मी वाचत बसले. ब्रिटनमधल्या 'नाइस' संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत हेच आहे: सिकलसेलच्या कळा घेऊन रुग्ण आला की अर्ध्या तासात वेदनाशामक द्या, आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने विचारा. तिथे ते पुस्तकात आहे, इथे तुमच्या हातावर होतं. आणि औषध तरी कुठून आणायचं आहे? मॉर्फिन अफूपासूनच होतं. अफू मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते, मध्य प्रदेशातच नीमचला तिचा सरकारी कारखाना आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कितीतरी दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, धाक गेला नाही. नीमच आमच्यापासून लांब आहे, पण लंडनइतकं नाही.

असो. रागावायला बसले नव्हते, तरी तिकडेच जाते मन. त्या रात्री ऑटोवाल्या काकांनीही पैसे घेतले नाहीत. तुमच्या वॉर्डातल्या मावशींनी आईला स्टूल दिलं आणि काही न बोलता चादर आणून तिच्या खांद्यावर टाकली. चांगली माणसं असतात हो, फक्त त्यांच्या ड्युटीला आपण पोचायला हवं.

भाऊ आता बरा आहे. स्वेटर घालायला सांगितलं की कुरकुरतो, पाण्याची बाटली मात्र विसरत नाही. परवा आईचे गुडघे दुखत होते तर विचारतो, "दहापैकी किती?"

आईने आंबाडीच्या लाल फुलांचं सरबत करून ठेवलं आहे. तुमची नाईट कधी आहे आणि साखर किती चालते, तेवढं कळवा.

तुमची,
खाट नंबर सतराची ताई