दोन मेलेले वूफर कापून दाखवणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

एकाच हॅचबॅकमध्ये लागोपाठ दोन वूफर (बेसचे स्पीकर) गेले. तिसरा बसवायच्या आधी तुम्ही वागळे इस्टेटहून विटाव्याची कोंडी सोसून कोपरखैरण्याला आमच्या दुकानात आलात, त्याचे आभार मानायचे आहेत. ते सगळ्यांसमोर मानतो आहोत, कारण तुम्ही त्या दिवशी मोजून दाखवलेलं ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक ऑडिओ फिटरच्या कामाचं आहे.

पहिले आभार तुमच्या ब्लेडचे. मेलेला वूफर सहसा थेट भंगारात जातो. तुम्ही दोन्ही मागून घेतलेत, सराउंड आणि स्पायडर (कोनाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, धरून ठेवणारी बाहेरची कड आणि आतली जाळी) कापलेत आणि कॉइल, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवल्यात. पावसाळ्याआधी गेलेल्या पहिल्या वूफरची कॉइल स्वच्छ होती, पण फॉर्मरची (तार जिच्यावर गुंडाळतात त्या नळीची) खालची कड चेपून बाहेर वळली होती. म्हणजे तो जळालाच नव्हता. कोन मर्यादेबाहेर हलला आणि फॉर्मर मागच्या प्लेटवर आपटत राहिला. भर पावसात गेलेल्या दुसऱ्याची कॉइल मात्र चहूबाजूंनी सारखी काळी, गोंद वितळून वेढे सुटलेले. ती निव्वळ उष्णता. गाडी एक, वूफरचा डबा एक, अँप (ॲम्प्लिफायर) एक, आणि मरणाची कारणं दोन. आम्ही मात्र दोन्ही वेळा एकच उत्तर धरून बसलो होतो, की वूफर हलका आहे, जास्त वॉटचा टाका.

पहिल्याचं कारण डब्यात निघालं. पोर्ट (हवेचं भोक) असलेला डबा साधारण ३६ हर्ट्झला ट्यून होता. त्या वारंवारतेच्या खाली डब्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो, वॉट कमी असले तरी. अँपवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) होता, पण बंद. तुम्ही तो ३० हर्ट्झला लावलात, लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८० वर ठेवलात, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.

दुसऱ्याचं कारण शोधायला वेळ लागला, आणि खरी शिकवण तिथेच होती. इंजिन चालू, गाणं जोरात, वायरला चिमटा लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर सुमारे ३० अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १३.६ व्होल्ट, अँपच्या टर्मिनलवर ११.४. मधले २.२ व्होल्ट कुठे गेले, हे तुम्ही अंदाजाने सांगितलं नाहीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अँपच्या प्लसवर: ०.७. मग एक बॅटरीच्या मायनसवर, दुसरी अँपच्या अर्थवर (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणारी बाजू): १.५. गाणं वाजत असतानाच हे मोजायचं, कारण करंट नसेल तर वायर कितीही वाईट असो, मीटर शून्यच दाखवणार. हे वाक्य तुम्ही दोनदा सांगितलंत.

अर्थच्या वायरचा लग (टोकाची धातूची कडी) डिक्कीत रंगावरच आवळला होता. टेललाइटच्या गॅस्केटमधून झिरपलेल्या पाण्याने खाली गंज धरला होता, आणि बोल्ट हाताला गरम लागत होता. लागणारच, १.५ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ४५ वॉट अर्थच्या वाटेवर जळत होते, बरेचसे त्या एका बोल्टवर. प्लसची वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, शिवाय इन्सुलेशन जाड आणि आतली तार बारीक. ८ गेज (जाडीचं माप) म्हणून विकलेली वायर प्रत्यक्षात ८ गेज नव्हतीच.

आता साखळी जुळली. व्होल्टेज पडलं की अँपची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. बेस मवाळ लागतो. गाडीवाला नॉब वाढवतो. अँपकडे तेवढं व्होल्टेज नसतं, म्हणून सिग्नलची लाट वर-खाली सपाट कापली जाते. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल (साइन) लाटेच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते. कमी वॉटचा अँप वूफर जाळतो, असं बाजारात सर्रास बोललं जातं. ते अर्धवट आहे. कमी वॉटने कुणी मरत नाही, त्या अँपकडून नसलेले वॉट मागितल्याने मरतं.

त्यात आमची स्वतःची चूक होतीच. गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ती पातळी) मीटरने लावला होता, पण आकडा अँपचा धरून: ५०० वॉट, २ ओहम, म्हणजे ३१.६ व्होल्ट. वूफर ३०० वॉटचा होता. ३०० गुणिले २, त्याचं वर्गमूळ २४.५, तेवढेच एसी व्होल्ट हवे होते. मीटर व्होल्ट सांगतो, लाटेचा आकार सांगत नाही, म्हणून तुम्ही स्कोपही (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलात. वूफर सोडवलेला, बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, ५० हर्ट्झचा टोन, हेड युनिटचा (डॅशबोर्डवरच्या प्लेयरचा) आवाज ४० पैकी ३० वर, पुढचा बेसचा नॉब पूर्ण उघडा. नॉब मिटलेला ठेवून गेन लावला तर तो मागाहून उघडणार हे ठरलेलंच. आधी बूस्ट ९ डेसिबलवर होता, म्हणजे त्या पट्ट्यात जवळजवळ आठपट पॉवरची मागणी.

बाकी काम सरळ होतं. २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर, प्लसला आणि अर्थला तीच. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. अर्थला रंग घासून उघडा पत्रा, दातेरी वॉशर, क्रिम्प केलेला लग, आवळल्यावर वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट तुम्ही घेऊ दिला नाहीत, हे बरं केलंत. गॅस्केट बदलला. पुन्हा मोजलं: प्लसवर ०.२, अर्थवर ०.०६. नव्या वूफरच्या दोन्ही ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडून टर्मिनलवर १.७ ओहम आले (४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.४ च दाखवते). ३.४ आले असते तर एक कॉइल मोकळी राहिली, असं समजायचं.

शेवटची चाचणी मात्र आम्हाला सुचलीच नसती. गाडी घोडबंदरची. गायमुखच्या चढाला तासभर अडकली की इंजिन आयडलवर (उभ्या गाडीत मंद), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) कमी करंट देतो, वर एसी, हेडलाइट, वायपर. तुम्ही हे सगळं चालू करून आयडलवर पुन्हा स्कोप पाहिलात आणि तेवढ्यासाठी गेन आणखी जरासा खाली घेतलात. लाट त्या अवस्थेतही गोल राहिली.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कार्डावर प्लस आणि अर्थचा ड्रॉप (वाटेत गळालेले व्होल्ट) लिहितो. ०.५ व्होल्टच्या वर गेला तर नवा वूफर विकत नाही, आधी वायर. कापलेल्या दोन्ही कॉइल काउंटरवर ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाला समजवायला त्याच पुरतात.

तुमच्या मीटरची लाल क्रोकोडाइल क्लिप आमच्याकडे राहिली आहे. रविवारी वागळेला आणून देतो.

आपले,
कोपरखैरण्याचे दोघे फिटर