नाताळला येते, पण नोकरीवर परत जाणार नाही

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

परवा आई रडायला लागली आणि मी घाईघाईने फोन ठेवला. तेव्हापासून जिवाला चैन नाही. दवाखान्याचा राजीनामा दिला, तो आता परत घेणार नाही. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत ड्रेसिंगला रविवारी जायचे, आता रोज जाईन. तुम्हाला आधी विचारलं नाही, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुमच्याकडे बघून माझा पाय निघाला नसता.

पैशाची काळजी करू नका. सकाळी दोन घरी आजाऱ्यांचं करते, त्यात भाडं आणि डबा भागतो. खोलीत ऊन येतं, पाणी दोन्ही वेळा असतं. आई, लागण होईल ही भीती काढून टाक. या सगळ्यांची एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरची औषधं कधीच पूर्ण झालीत, फक्त पायांची जाणीव परत आलेली नाही. काल एका आजोबांच्या चपलेतून खिळा तळव्यात घुसला होता. ते तसेच दिवसभर चालले, रक्त दिसलं तेव्हा कळलं. मी त्यांचा पाय पाण्यात भिजवून जखमेच्या कडेची निबर कातडी काढत होते, तर आजोबा म्हणाले, "पोरी, या पायाला कुणी हात लावून किती वर्षं झाली."

लोक बोलतात ते तुमच्या कानावर आलंच आहे. चर्चच्या मंडळीत म्हणतात, मोठेपणासाठी करते. गल्लीत म्हणतात, माणसं बाटवायला जाते. मी रात्रभर रडले, तुमच्यापासून काय लपवू? मग बाबा, तुम्ही आठवलात. लाइट गेली की तुम्ही पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायचात. १८९३ मध्ये मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'ने त्यांच्या शारदा सदनावर, विधवा-मुलींच्या शाळेवर झोड उठवली, पालक मुलींना काढून घेऊन गेले. तरी पुढे दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावला त्यांची सोय केली. तुम्ही मुद्दाम थांबायचात आणि आईच्या मांडीवरून मी विचारायचे, "मग?" चांगलं करताना कंटाळू नका, हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं वचनही तुम्हीच पाठ करून घेतलंत.

मंडळीत कुणी काही बोललं तर भांडू नका. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही, मी रोज रात्री विचारणार. आई, गुडघे दुखत असताना माळ्यावर चढायचं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी पोचते. सारण तेवढं करून ठेव, करंज्या मी आल्यावर करू.

तुमची,
बेबी