नऊ एकांचा वर्ग आणि शेवटची दोन शून्यं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीत १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा छापलाय आणि वर शीर्षक ‘अंकांचा चमत्कार’. शेवटी १ असलेल्या संख्येला तिनेच गुणलं तर शेवटी शून्य येईलच कसं? खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. शेवटचे २ आणि १ कुठे गेले तेही सांगते. एक्सेल पंधरा अंक धरतं आणि पुढे शून्यं भरतं. ही संख्या सतरा अंकी.

मी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते. मुलांना चौकटीच्या वहीत हाच गुणाकार उभा मांडायला लावला. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, आणि प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे. आता उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या रांगेत एकच १, दुसरीत दोन, असं वाढत मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरत एकावर. हातचा कुठेच नाही. झाला तुमचा चमत्कार! अंकांची बेरीज ८१ का, तर पानावर ८१ एक लिहिलेत आणि त्यातला एकही वाया गेलेला नाही.

एका मुलीने न सांगता दहा १ घेतले. मधल्या रांगेत १० झाले, हातचा शेजारच्या ९ वर गेला, तिथेही १० झाले, पुढच्या ८ चे ९ झाले. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब! अंकांची बेरीज शंभर यायला हवी, आली ८२, कारण हातचा देताना दहांच्या बदली एकच पुढे जातो, म्हणजे दर वेळी नऊची घट. गंमत खरी इथे आहे आणि पुरवणी नेमकी नवावर थांबली.

गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नावही नाही, याचं डोंबिवलीकर म्हणून जास्त वाईट वाटलं. त्यांचा ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा आकडा) सगळ्यांना ठाऊक असतो. पण देवळालीच्या या मास्तरांनी १, १२१, १२३२१ या घराण्याचाही अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. हे नाव जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावरून आलं आणि डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, असं त्यांच्याविषयीच्या लेखनात सापडतं. आता आमच्या फलाटावर संख्या सुचायला उभं राहायला जागा तरी मिळते का, हा विषय वेगळ्या पत्राचा.

दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया नऊच्या नऊ ओळी छापा. सतरा घरांची रुंदी लागेल, एका कोपऱ्यात मावतं. आणि खाली जागा उरलीच तर मुलांना विचारा, नऊ एकांच्या या वर्गाला ३७ ने दोनदा निःशेष भाग जातो, हे प्रत्यक्ष न भागता कसं दाखवाल? सदतीस त्रिक एकशे अकरा, एवढी सूचना पुरे.

आपली,
शिकवणीच्या एक बाई, डोंबिवली (पूर्व)