जत्रा ‘संपन्न’ होण्याआधी कळवा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत एक शब्द मला वारंवार भेटतो, तो म्हणजे ‘संपन्न’. अमुक गावची जत्रा उत्साहात संपन्न, तमुक मंदिरात डबलबारी भजनाचा सामना संपन्न, रसिकांच्या गर्दीत दशावतारी नाट्यप्रयोग संपन्न. बातमी खरी असते आणि छायाचित्रही चांगले असते. मात्र ती वाचून माझ्यासारखीला हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही, कारण ज्या रात्री तो पखवाज वाजत होता त्याच रात्री मी तिथून आठ-दहा किलोमीटरवरच्या लॉजमध्ये दाराला कडी लावून टीव्हीवरच्या जुन्या मालिका पाहत बसलेली असते. ही बातमी एक दिवस आधी छापता येईल का, एवढे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी एका बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नोकरी करते आणि वर्षातून चार-पाच वेळा रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शाखांच्या तपासणीसाठी येते. एका खेपेला आठ ते बारा रात्री मुक्काम पडतो. दिवस कर्जखात्यांत आणि सोनेतारणाच्या पाकिटांची मोजणी करण्यात निघून जातो. सहा-साडेसहाला शाखेतून बाहेर पडले की पुढचे चार-पाच तास रिकामे असतात. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. त्याच लॉजमध्ये औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मोबाइलच्या टॉवरची देखभाल करणारे तंत्रज्ञ, रस्त्याच्या कामावरचे अभियंते आणि आंब्याच्या हंगामात बागायतदारांकडे येणारे व्यापारी उतरलेले असतात. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, की इथे रात्री करायचे काय, आणि वाढणारा मुलगा प्रत्येकाला एकच उत्तर देतो: “इथे आठनंतर काही नसतं. गोव्याला जावा.”

कुडाळ-सावंतवाडीकडे उतरलेले लोक खरेच गोव्याला जातात. बांद्यावरून पत्रादेवीची हद्द ओलांडली की तासा-दीड तासात पणजी किंवा म्हापसा गाठता येते, तिथे गिटारवर गाणारा गायक ऐकता येतो आणि पहाटे झोपाळू डोळ्यांनी गाडी चालवत माणसे परत येतात. त्यांच्या आवडीला माझा मुळीच आक्षेप नाही. ज्या मुलाने त्यांना गोव्याचा रस्ता दाखवला, त्याच्या स्वतःच्या गावात त्या रात्री काय चालले होते, हे त्याला ठाऊक असूनही सांगावेसे वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटते. ‘नाइटलाइफ’ म्हणजे बार आणि रंगीत दिवे अशी आपण स्वतःचीच समजूत करून घेतली आहे. रात्रभर जागणारे गाव आपण त्यात मोजतच नाही.

मला हे कळले ते एका रिक्षाचालकामुळे. मार्गशीर्षाचे दिवस होते आणि कुडाळ तालुक्यातील एका शाखेचे काम संपवून मी लॉजवर परतत होते. वाटेत त्यांनी विचारले, “ताई, आज आमच्या गावात धयकालो आसा. चला बघूक, माझी बायको आणि आई पण आसत.” धयकालो म्हणजे दहीकाला, जत्रेतले रात्रभर चालणारे दशावतारी नाटक. मी थोडी घाबरतच हो म्हटले. आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो तेव्हा देवळाच्या वाटेवर खाज्याची दुकाने लागली होती, गूळ आणि आल्याचा वास येत होता, बायका ओट्या भरायला रांगेत उभ्या होत्या. मग पालखी झाली. नाटकाला सुरुवात झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

रंगमंच म्हणावे असे काही नव्हते. मांडवात एक लाकडी बाकडे ठेवलेले होते. तेच पुढे सिंहासन झाले, तेच पर्वत झाले आणि तेच रथही झाले. एका बाजूला पायपेटी म्हणजे पायाने भाता हलवायची हार्मोनियम, पखवाज आणि झांज. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, झाला, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्या, मग काळा संकासूर आला आणि झोपेला आलेली मुले खडबडून जागी झाली. त्यानंतर मुख्य आख्यान. या मंडळींच्या हातात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद जागेवर उभे राहून रचले जातात, हे मी ऐकून होते, पण राजाच्या भूमिका करणारे दोन राजपार्टी नट समोरासमोर उभे राहून एकमेकांचे वाक्य वरच्यावर झेलत आहेत आणि पायपेटीवाला त्यांच्या आवाजाचा अंदाज घेऊन पदाचा सूर आधीच धरून ठेवतो आहे, हे प्रत्यक्ष पाहणे वेगळे. स्त्रीपार्ट करणाऱ्या कलाकाराने शोकाचे पद आळवायला घेतले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पदराने डोळे पुसले. ते पद नाट्यसंगीताच्या वळणाचे होते आणि गाणारा कलाकार, मला नंतर कळले त्याप्रमाणे, आदल्या रात्री दुसऱ्या तालुक्यात गायला होता आणि पुढच्या रात्री तिसऱ्या गावात गाणार होता. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटली आणि सहाच्या सुमारास त्या माऊलीने, म्हणजे रिक्षाचालकांच्या आईने, मला चहा पाजून लॉजवर पाठवले. त्या दिवशी शाखेत मला डुलक्या आल्या हे कबूल करते, पण त्या दौऱ्यातील इतर दहा रात्रींपैकी मला आज एकही आठवत नाही.

संपादक महोदय, ती रात्र मला योगायोगाने मिळाली. रिक्षावाल्याने विचारले नसते तर मीही ‘संपन्न’ झाल्याची बातमीच वाचली असती. आणि या किनाऱ्यावर अशा रात्री थोड्या नाहीत. कार्तिकात जत्रा सुरू होतात त्या पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर, मोचेमाडकर अशा नावाजलेल्या दशावतारी मंडळांना हंगामात मोकळी रात्र क्वचितच मिळते. कणकवली, देवगड, मालवण या भागात भजनाच्या डबलबाऱ्या होतात, ज्यात दोन बुवा समोरासमोर बसतात, रूपावली आणि अभंगाने सुरुवात होऊन गजरात पखवाज असा काही चढतो की बसल्या जागी मांडीवर हात पडू लागतो. रत्नागिरीकडे संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांत नमन-खेळे आहेत. गण, गवळण आणि सोंगे पाहायला माणसे चटया घेऊन येतात. गणपतीत जाखडी असते, पायात चाळ बांधून गायक-वादकांभोवती फेर धरणारे तरुण आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे शाहिरी सवाल-जवाब असतात. शिमग्यात तर पालख्यांबरोबर गावेच्या गावे जागी असतात. आमच्या तपासण्या पुष्कळदा ऐन पावसात येतात, त्या वेळी बाहेर काही नसणार असे मी धरून चालत असे. पण श्रावणात ठिकठिकाणच्या देवळांत अखंड हरिनाम सप्ताह असतो आणि पहारे बदलत रात्रंदिवस भजन चालते, हे मला कणकवलीच्या एका शिपाईमामांनी सांगितले.

बसून ऐकण्याच्या मैफलींचीही वाण नाही. रत्नागिरीत ‘खल्वायन’ ही संस्था मासिक संगीत सभा भरवत आली आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत होता. त्याच्या राजवाड्याच्या आवारात जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो आणि तिथे उघड्या आकाशाखाली शास्त्रीय गायन ऐकता येते. सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकांच्या राज्य स्पर्धेचे प्रयोग झालेले आहेत. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. हे सगळे मला तुकड्या-तुकड्यांनी, कित्येक वर्षांच्या येण्याजाण्यात कळले. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला ते कळण्याची कोणतीच सोय नाही.

असे का होते, याचा मी थोडा विचार केला आहे. स्थानिकांना बातमीची गरज नसते. त्यांच्या जत्रा तिथीने बांधलेल्या असतात, कोणत्या देवळात कोणते मंडळ येते हेही बहुधा परंपरेने ठरलेले असते, आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीसारख्या जत्रेची, जिला ठरलेली तिथी नसून देवीच्या कौलाने तारीख ठरते, ती तारीख जाहीर झाली की मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत तासाभरात पोहोचते. बाकीचे निरोप गावाच्या व्हॉट्सॲप गटात फिरतात, किंवा एसटी स्थानकाबाहेर दोरीला टांगलेल्या फलकावर असतात, ज्यावर देवळाचे नाव असते पण तालुका नसतो, कारण वाचणाऱ्याला तो ठाऊकच असतो. परक्या माणसाचा कोणी मुद्दाम विसर पाडलेला नाही. तो यात कुठेच मोजलेला नाही, एवढेच.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की जिल्हा आवृत्तीत रोज ‘आज रात्री’ अशी एक छोटी चौकट असावी. गाव, तालुका, देऊळ किंवा सभागृह, मंडळाचे अथवा बुवांचे नाव, सुरू होण्याची खरी वेळ आणि जवळचे एसटी स्थानक एवढेच त्यात पुरे. आपल्या गावोगावच्या वार्ताहरांना ही माहिती आधीपासून असतेच. ‘संपन्न’ची बातमी तेच तर पाठवतात. खऱ्या वेळेचा आग्रह मी मुद्दाम धरते आहे. निमंत्रणपत्रिकेवर रात्री दहा छापलेले असते आणि प्रयोग बाराला उभा राहतो. गावकऱ्यांना ते ठाऊक असते, मी मात्र दोन तास मंडपाच्या खांबाला टेकून बसलेली असते. अलीकडे अनेक ठिकाणी दशावताराचे प्रयोग संध्याकाळी सात-आठलाही लावतात आणि ते अकरापर्यंत आटोपतात. दुसऱ्या दिवशी दहाला कामावर हजर व्हायचे असलेल्यांना हे प्रयोग विशेष सोयीचे आहेत, ते चौकटीत वेगळे दाखवले तर फार बरे होईल.

लॉजमालकांनाही थोडे सांगायचे आहे. आपल्या काउंटरवर किल्ल्यांची, समुद्रकिनाऱ्यांची आणि स्कूबा डायव्हिंगची पत्रके असतात. शेजारी एक खडूचा फळा टांगून त्यावर त्या आठवड्याच्या जत्रा लिहिणे अवघड नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दार. एका लॉजमध्ये साडेदहाला शटर खाली येत असे आणि पहाटे परतलेल्या मला, पैसे भरलेल्या ग्राहकाला, उजाडेपर्यंत पायरीवर बसावे लागले. रात्री येणाऱ्यासाठी किल्लीची किंवा पहारेकऱ्याची सोय असावी.

बाईमाणसाने रात्री एकटीने कुठे जायचे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मी उलट अनुभव सांगते. हॉटेलच्या गच्चीवर ट्रॅक लावून गाणारा गायक असतो, तो मनापासून गातो, पण सभोवती पिणाऱ्या पुरुषांची टेबले असल्यामुळे मी तिथे दहा मिनिटांहून अधिक बसू शकलेले नाही. जत्रेत मात्र पुढच्या चटया बायकांच्या आणि मुलांच्या असतात. कोणी तरी सरकून जागा देते, कोणी तरी शाल पुढे करते, आणि आपण कुणाकडच्या एवढी चौकशी एकदा झाली की रात्रभर आपण त्या घरातल्या असतो. एका बारीला मी १०१ रुपयांचे बक्षीस दिले, तर बुवांनी ‘बँकेच्या ताईंकडून’ असे माइकवरून जाहीर केले आणि मागच्या रांगेतल्या दोघी माझ्याशी बोलायला आल्या. अडचण असते ती जाण्यायेण्याची. संध्याकाळनंतर आडगावाला जाणारी एसटी बहुधा वस्तीची असते, म्हणजे जाता येते, परत येता येत नाही. आंगणेवाडी आणि कुणकेश्वर येथे एसटी जादा गाड्या सोडते. तालुक्यातील मोठ्या जत्रांसाठी पहाटेची एखादी परतीची गाडी निघाली तर तिचा लाभ प्रथम गावातल्याच मुलींना होईल.

ध्वनिक्षेपकाचा मुद्दा मी टाळत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि राज्य शासनाला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आजारी माणसाच्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलांच्या झोपेचा तो हक्क आहे व तो पाळला गेलाच पाहिजे; कोणासाठीही तो मोडावा असे मी सुचवत नाही. बंद सभागृहांना नियमांत मोकळीक आहे, तेव्हा तालुक्याच्या नाट्यगृहांत महिन्यातून एखादी डबलबारी किंवा नमनाचा प्रयोग लावण्याचा विचार संस्थांनी करावा, आणि त्याची तारीख आपण आधी छापावी.

माझा पुढचा दौरा पौष महिन्यात देवगड तालुक्यात आहे. नऊ रात्री आहेत. त्या नऊ रात्रींत कुठल्या देवळात बारी आहे आणि कुठे धयकालो आहे, हे मला हे पत्र लिहिताना ठाऊक नाही. आपल्या वार्ताहराला मात्र ते आजच ठाऊक असणार.

आपली,
एक नोकरदार वाचक,
डोंबिवली