‘बेड रेस्ट’ म्हणजे नेमकं काय, ते कागदावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कराडच्या एका पतसंस्थेत पिग्मीचा हिशेब बघते. आमच्याकडे कर्जाच्या अर्जात एक रकाना कोरा राहिला तरी अर्ज माघारी येतो. त्यामुळे गेल्या वर्षी दोन शब्दांच्या भरवशावर मी सहा आठवडे कॉटवर काढले, याचं माझं मलाच नवल वाटतं.

पहिलं बाळ गरोदरपणाच्या २२व्या आठवड्यात गेलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी सगळे आधीपासूनच धास्तावलेले. २१व्या आठवड्यात सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी १९ मिलिमीटर भरली. ती २५च्या वर हवी असते. दुसऱ्याच दिवशी टाका घातला. घरी सोडताना केसपेपरवर औषधांच्या खाली इंग्रजीत लिहिलं होतं : बेड रेस्ट. खाली दोन रेघा ओढलेल्या. बाहेर बाकावर बायकांची ही गर्दी, आत डॉक्टरांचा फोन वाजतोय. आम्हीही काही विचारलं नाही, हे कबूल करते.

घरी आल्यावर त्या दोन शब्दांचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावला. सासूबाईंनी लावला तो असा : उठायचंच नाही. कॉटच्या पायथ्याला दोन-दोन विटा घातल्या. रात्रभर मी इंचाइंचानं डोक्याकडे घसरायची आणि पहाटे उशी भिंतीला टेकलेली असायची. जेवण डाव्या कुशीवर, चमच्यानं. आमटी निम्मी तोंडात, निम्मी मानेखालच्या टॉवेलवर. छातीत जळजळ इतकी की रात्रीचं जेवणच नको वाटायचं. केसांचा मागे गठ्ठा झाला, तो शेवटी कात्रीनं काढावा लागला. भांडंसुद्धा कॉटवरच. आणि ते उचलायला गुडघे धरून उठणारी अडुसष्ट वर्षांची बाई. त्यांना बोल लावायला माझी जीभ वळत नाही. पहिल्या वेळी दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत येताना रिक्षात माझ्या शेजारी त्याच होत्या.

संस्थेत तिसराच अर्थ निघाला. ‘झोपूनच आहात ना मॅडम, मग लॅपटॉप पाठवतो.’ रजेचं गणित मीच पडल्या पडल्या मोबाइलवर कायदा उघडून केलं. प्रसूतीची रजा २६ आठवडे, पण बाळंतपणाच्या तारखेआधी त्यातले जास्तीत जास्त आठच घेता येतात. म्हणजे ३२व्या आठवड्यापासून. मला झोपवलं २१व्या आठवड्यात. मधल्या ७७ दिवसांचं काय? हक्काची रजा २३ दिवस शिल्लक होती. गरोदरपणातल्या आजारासाठी पगारी एक महिना जादा मिळतो, ही तेव्हाच्या १९६१च्या कायद्यातली दहाव्या कलमाची तरतूद मी दाखवली तेव्हा साहेबांनी ती पहिल्यांदाच वाचली. पण डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर पुन्हा तेच दोन शब्द. ‘यात आजार कुठं लिहिलाय?’ असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न, राग आला तरी, चुकीचा नव्हता. दुसऱ्यांदा दाखला आणल्यावर महिना मिळाला. उरलेले २४ दिवस बिनपगारी.

दिवस कसा काढायचा, हे तर कागदावर नव्हतंच. एप्रिलच्या दुपारी, त्यात वीज गेलेली. संध्याकाळी सहाला आमचा एक पिग्मी एजंट स्वतःहून फोन करायचा आणि दिवसाची वसुली वाचून दाखवायचा. पन्नास, शंभर, वीस, शंभर... मी तोंडी बेरीज सांगायची. त्याच्या मशिनमध्ये ती आधीच आलेली असायची, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. बाकी रात्री दोन-अडीचला रडू यायचं ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत. १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारचा ‘टेलि-मानस’चा नंबर रात्रीही चालू असतो, फुकट असतो, हे मला बाळंतपणानंतर कळलं.

२७व्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली. ‘पडून पडून आखडली असेल’ म्हणून दोन दिवस तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी ती उजवीपेक्षा डोळ्याला जाड दिसायला लागली. डॉप्लर केलं, शिरेत गुठळी निघाली. फिजिशियननी विचारलं, ‘चालणं किती होतं?’ मी म्हटलं, बेड रेस्ट आहे. ‘बाथरूमला तरी?’ नाही. ‘हे कुणी सांगितलं?’

कुणीच सांगितलं नव्हतं.

गरोदरपणात रक्त तसंही लवकर साकळतं, त्यात हालचाल थांबवली की धोका वाढतो, हे त्यांनी तेव्हा समजावलं. शिवाय चोळायचं तर अजिबातच नव्हतं. पुढे रोज दोनदा पोटात इंजेक्शन, प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत. त्यांचा खर्च आमच्या घराच्या हप्त्याहून जास्त झाला.

त्यानंतर ज्या डॉक्टर बाईंकडे गेलो, त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून दिलं. मी ते जसंच्या तसं देते : ‘विटा काढा. जेवण बसून. अंघोळ स्टुलावर बसून. सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात दहा मिनिटं चालणं. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली वीस वेळा. जिना फक्त तपासणीला. वजन उचलणं, उकिडवं बसणं, संबंध – नाही. रक्त किंवा पाणी गेलं, पोट वारंवार कडक झालं, दम लागला, तर वाट न बघता या. पुन्हा ठरवू : १५ दिवसांनी.’ लिहायला त्यांना तीन मिनिटं लागली असतील.

वार खाली असून रक्त जाणाऱ्या बाईचं वेगळं, पाणी गेलेलीचं वेगळं, बीपी वाढलेलीचं वेगळं. मी डॉक्टर नाही. हे पत्र वाचून कुणी आपल्या मनानं उठून कामाला लागू नये. पण अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना अशी सक्तीची विश्रांती सरसकट सांगू नका म्हणते, आणि अशा विश्रांतीनं वेळेआधीची प्रसूती टळते याला पुरेसा पुरावा नाही, हे मी नंतर वाचलं. मग जिथं ती सांगायचीच आहे, तिथं किती, कशी आणि कधीपर्यंत, एवढं तरी लिहावं.

सरकारी माता व बाल संरक्षण कार्डावर रात्रीची आठ तास झोप आणि शिवाय दिवसा दोन तास विश्रांती, असं स्पष्ट छापलेलं असतं. ते नेहमीच्या गरोदरपणासाठी. जोखमीच्या गरोदरपणासाठी त्याच कार्डात एक पान वाढवावं : उठणं, जेवण, अंघोळ, जिना, चालणं, प्रवास, नोकरी, अशा छापील ओळी आणि पुढे टिक करायला हो-नाहीचे रकाने. खाली पुढच्या फेरविचाराची तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, तिथून सुरुवात करता येईल. खासगी डॉक्टरांसाठी ‘फॉग्सी’ या देशातल्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं असा नमुना करावा. दाखला म्हणून साहेबांनाही तोच चालेल.

बाळ ३७व्या आठवड्यात झालं, २ किलो ४०० ग्रॅम. तो मराठीतला कागद सासूबाईंनी कॅलेंडरशेजारी टाचला होता. विटा त्यांनी त्याच दिवशी काढल्या. आणि मी घरात चालायला लागले की त्या घड्याळाखाली उभ्या राहायच्या. दहा मिनिटांवर अर्धं मिनिट झालं तर हाक यायची, ‘बस आता, कागदात दहाच लिहिलंय.’

नाव छापू नये ही विनंती.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)